आबांचा विश्वास आणि पंचगंगेचे पाणी : मनापासून मानलेली गोष्ट चुकली तर दोष कोणाचा?

नदीकाठचा :

मी उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत हिशेब पाहतो. तत्त्वज्ञानाचे औपचारिक शिक्षण झालेले नाही. दोन-तीन वर्षांपासून जमेल तसे वाचतो आहे. पुढचा प्रश्न मात्र पुस्तकातून नव्हे, घरातून आलेला आहे, म्हणून तो सविस्तर मांडतो.

आमचे घर करवीर तालुक्यात, नदीपासून दोन शेते सोडून आहे. जोते दगडी आणि पाच पायऱ्यांचे. तिसऱ्या पायरीच्या कडेला माझ्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, छिन्नीने एक आडवी खूण मारलेली आहे. ती २००५ च्या पाण्याची. तिच्या वीतभर खाली दुसरी खूण आहे, ती १९८९ ची. लहानपणी आम्ही त्या खुणांवर बोट ठेवून पूर किती मोठा होता ते एकमेकांना सांगत असू.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून सांगण्यात आले की जनावरे सोडा आणि उंचावर चला. आबा उठले नाहीत. ‘तिसऱ्या पायरीच्या वर पाणी आलेलं न्हाई कवा. आत्ता काय येतंय!’ असे म्हणून ते सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या भागात, बसून राहिले. आबा उठल्याशिवाय आमच्या घरातून कोणी उठत नाही, त्यामुळे आई, वहिनी आणि सहा वर्षांची पुतणी याही राहिल्या. मी कोल्हापुरात अडकलो होतो. रात्री दोनच्या पुढे पाणी सोप्यात शिरले आणि सगळ्यांनी शेजारच्या स्लॅबवर बसून रात्र काढली. सकाळी नावेतून बाहेर काढले. भावाने एका म्हशीचे दावे कापले, ती पोहून गेली. दुसरी मागच्या गोठ्यात होती. तिच्यापर्यंत त्याला पोहोचता आले नाही आणि ती खुंट्यालाच बुडाली.

२०२१ मध्ये आम्ही आबांना जवळजवळ उचलूनच नेले. पण गेल्या पावसाळ्यात नदीने धोक्याची पातळी ओलांडली तेव्हा ते पुन्हा घरातून हलले नाहीत, आणि या वेळी पाणी गल्लीच्या तोंडाशी थांबून उतरले. तेव्हापासून ते म्हणतात की मी बरोबर होतो.

आबा खोटे बोलणारे गृहस्थ नाहीत. दोन्ही वेळा त्यांना मनापासून तसेच वाटत होते, याविषयी मला शंका नाही. मग माझा प्रश्न असा की एखाद्याने केवळ एक गोष्ट खरी मानली, तर ते मानणे हाच अपराध होऊ शकतो का? आणि पहिल्या वेळी तो अपराध असेल, तर दुसऱ्या वेळी तेच मानणे पाणी आले नाही एवढ्यावरून योग्य ठरते का? म्हैस गेली त्याचा राग माझ्या मनात आहे आणि तो न्याय्य आहे की नाही हे मला खरोखर समजून घ्यायचे आहे.

जुना अध्यापक :

मी कोल्हापुरात सत्तावीस वर्षे तत्त्वज्ञान शिकवले आहे, आणि आपला प्रश्न ज्या निबंधाशी तंतोतंत जुळतो तो मी जवळजवळ दरवर्षी वर्गात घेत असे. विल्यम क्लिफर्ड हा लंडनचा गणितज्ञ. १८७० मध्ये सूर्यग्रहण पाहण्यासाठी निघालेल्या मोहिमेत त्याचे जहाज सिसिलीच्या किनाऱ्याजवळ फुटले होते आणि तो त्यातून वाचला होता. पुढे १८७७ मध्ये त्याने विश्वासाच्या नीतीवर निबंध लिहिला आणि त्याची सुरुवातच एका जहाजमालकापासून केली. त्या मालकाचे जहाज जुने, अनेकदा दुरुस्त केलेले. त्यातून देश सोडून निघालेली कुटुंबे जाणार होती. त्याच्या मनात शंका आली, पण त्याने स्वतःला समजावले की या जहाजाने इतकी वादळे पाहिली आहेत, ते हेही पाहील, आणि देव या गरीब माणसांचे रक्षण करीलच. हळूहळू त्याला खरोखर खात्री वाटू लागली. जहाज भर समुद्रात बुडाले आणि त्याने विम्याचे पैसे घेतले.

क्लिफर्डचे म्हणणे असे की मालकाची खात्री प्रामाणिक होती, हे मान्य केले तरी त्याची सुटका होत नाही, कारण हाताशी असलेल्या पुराव्यावर तशी खात्री बाळगण्याचा त्याला अधिकारच नव्हता. ती त्याने तपास करून मिळवलेली नव्हती, शंका दाबून मिळवलेली होती. पुढे आपण विचारलेला दुसरा प्रश्नही तो विचारतो. समजा जहाज सुखरूप पोहोचले असते तर? त्याचे उत्तर कठोर आहे. मालक तेवढाच दोषी राहतो, फक्त त्याचा दोष उघडकीस आलेला नसतो. म्हणजे क्लिफर्डच्या हिशेबाने गेल्या पावसाळ्यातले आबा आणि २०१९ मधले आबा यांच्यात तिळमात्र फरक नाही.

दुसऱ्या वेळी त्यांचे मत खरे ठरले, पण खरे ठरलेले मत आणि ज्ञान या दोन गोष्टी आहेत. प्लेटोच्या ‘मेनो’ या संवादात सॉक्रेटिस म्हणतो की लारिसा गावाचा रस्ता ज्याला ठाऊक आहे तो जसा तेथे पोहोचवील, तसाच अंदाज बरोबर असलेला माणूसही पोहोचवील. पण नुसती खरी मते ग्रीक कथांतल्या डिडॅलस या कारागिराच्या चालत्या पुतळ्यांसारखी असतात, कारणाने बांधून ठेवली नाहीत तर पळून जातात. गल्लीच्या तोंडाशी पाणी का थांबले हे आबांना सांगता येते का? येत नसेल, तर त्यांना ते माहीत होते असे म्हणता येणार नाही.

एक गोष्ट मात्र मला आपल्या लिहिण्यातच दिसली, आणि ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. २०१९ विषयी आपण ज्या रागाने लिहिता, तो राग गेल्या पावसाळ्याविषयी लिहिताना दिसत नाही. १९७६ मध्ये बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल या तत्त्वज्ञांनी नेमका हाच पेच मांडला. दोन माणसे सारखीच बेफिकीर असतात, एकाच्या वाटेत मूल येते, दुसऱ्याच्या येत नाही, आणि आपण दोघांना सारखे दोषी धरायला तयार होत नाही. तर्क क्लिफर्डच्या बाजूने आहे, पण आपले मन त्याच्या बाजूने नाही, आणि मन चुकतेच आहे असे मला छातीठोकपणे म्हणवत नाही.

शंकेखोर :

सरांविषयी पूर्ण आदर राखून मी आबांची बाजू घेतो. कारण त्यांनी जे केले ते आपण सगळे रोज करतो.

डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञाने अठराव्या शतकात दाखवून दिले की जे आजवर घडले ते उद्याही तसेच घडेल, हे कोणत्याही तर्काने सिद्ध करता येत नाही. आपण ते सवयीने मानतो. उद्या सूर्य उगवेल हेही तसेच आणि पाणी तिसऱ्या पायरीच्या वर येणार नाही हेही तसेच. बर्ट्रांड रसेलने १९१२ मध्ये याला एक बोचरे उदाहरण दिले. कोंबडीला रोज दाणे घालणारा माणूसच एके दिवशी तिची मान मुरगळतो. त्या कोंबडीला आपण दोषी धरत नाही. आबांकडे तर छिन्नीने मारलेल्या दोन खुणा होत्या! पिढ्यान्‌पिढ्या नदीकाठी राहणाऱ्या माणसाकडे याहून चांगला पुरावा कोणता असतो?

शिवाय मानणे हे माणसाच्या हातात आहे का? ह्यूमच्या मते विश्वास ही एक भावना आहे, ती इच्छेने आणता येत नाही किंवा घालवता येत नाही. मला कोणी हजार रुपये देऊ केले आणि रंकाळ्यात आज पाणीच नाही असे मान म्हटले, तर मी तसे म्हणेन, पण मानू शकणार नाही. जे हातात नाही त्याचा दोष कसा द्यायचा?

तुकोबांनीही सत्य-असत्याच्या बाबतीत मनाला ग्वाही, म्हणजे साक्षीदार, केले आणि बहुमत मानले नाही. सारा गाव उठला तरी आबा उठले नाहीत, यात त्यांनी वेगळे काय केले?

जुना अध्यापक :

तीन मुद्दे आहेत, थोडक्यात उत्तर देतो.

विश्वास एका क्षणात निवडता येत नाही, हे खरे. पण ॲरिस्टॉटलने नीतिशास्त्राच्या तिसऱ्या पुस्तकात सांगितले आहे की जे अज्ञान माणसाने स्वतःच ओढवून घेतले, त्याला क्षमा नसते; दारूच्या नशेत गुन्हा करणाऱ्याला दुप्पट शिक्षा सांगणाऱ्या कायद्याचा तो दाखला देतो, कारण नशा न करणे त्याच्या हातात होते. कोणती बातमी ऐकायची, कोणाला विचारायचे, केव्हा उठून बाहेर पाहायचे, हे आबांच्या हातात होते. आणि ह्यूमनेच असेही लिहिले आहे की शहाणा माणूस आपला विश्वास पुराव्याच्या मापात ठेवतो. तेव्हा ह्यूमला आबांचा वकील करणे मला पटत नाही.

तुकोबांविषयी एवढेच म्हणतो की ग्वाही तीच, जी वेळ आली तर स्वतःच्या विरुद्धही बोलते. आपल्याला हवे तेच बोलणाऱ्या मनाला तुकोबांनी साक्षीला उभे केलेले नाही.

न्यायाची विद्यार्थिनी :

मी न्यायदर्शनाचा, म्हणजे भारतीय तर्कशास्त्राच्या परंपरेचा, अभ्यास करते. वरची सगळी चर्चा आबांच्या अनुमानाभोवती फिरते आहे. खरी चूक अनुमानात होती की शब्दप्रमाणात, म्हणजे दुसऱ्याच्या सांगण्यावरून कळून घेण्यात, हा प्रश्न आधी विचारायला हवा असे मला वाटते.

आधी अनुमानाविषयी. शंकेखोर म्हणतात की दोन खुणा म्हणजे चांगला पुरावा. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे पंडित, येथे उपाधी शोधायला सांगतात. जेथे अग्नी तेथे धूर, हे चुलीपाशी रोज दिसते, तरीही ते नेहमी खरे नसते. तापवून लाल केलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर येतो तो इंधन ओले असेल तर. ते ओलेपण म्हणजे उपाधी, लपून राहिलेली अट. ‘पूर येतो तेव्हा पाणी तिसऱ्या पायरीच्या वर जात नाही’ या आबांच्या नियमातही अशी अट लपलेली होती: वरच्या खोऱ्यात किती पाऊस पडला, राधानगरी धरणाचे किती स्वयंचलित दरवाजे उघडले, भोगावती, कुंभी, कासारी आणि तुळशी या नद्या एकाच वेळी फुगल्या का, पुढे पाण्याला उतार मिळतो का. १९८९ आणि २००५ च्या खुणा त्या त्या वर्षीच्या अटी सांगत होत्या. २०१९ च्या अटी त्या दगडावर नव्हत्या. रसेलच्या कोंबडीला दाणे घालणाऱ्याच्या मनातले कळण्याची सोय नव्हती. आबांना होती, आणि म्हणून ती तुलना मला मान्य नाही.

ही सोय म्हणजेच शब्द. न्यायसूत्रांत प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणे, म्हणजे ज्ञानाची साधने, मानली आहेत, आणि आप्ताचा उपदेश म्हणजे शब्द अशी व्याख्या दिली आहे. आप्त कोण, याचे न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन याने केलेले स्पष्टीकरण मला फार मोलाचे वाटते. ज्याने ती गोष्ट स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. आणि हे लक्षण ऋषी, आर्य व म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू आहे, असे तो स्पष्टपणे म्हणतो. म्हणजे वय, जात किंवा मान यांनी कोणी आप्त होत नाही. कसबा बावड्याजवळ राजाराम बंधाऱ्यावर पाण्याची पातळी वाचणारा कर्मचारी या अर्थाने आप्त आहे. तो फूट आणि इंच पाहतो आणि जसे पाहिले तसे कळवतो. इशारा पातळी ३९ फूट, धोक्याची ४३ फूट; २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांपलीकडे गेले आणि महामार्गसुद्धा काही दिवस बंद राहिला. तो आकडा वाढतो आहे हे विचारणाऱ्याला कळू शकत होते.

पण मूळ प्रश्नकर्त्यांना मला एक विचारायचे आहे. तुमच्या गावात भोंग्यावरून जे सांगितले गेले, त्यात पातळीचा आकडा होता की नुसतेच ‘उंचावर चला’ होते? आणि त्याआधी कधी भोंगा वाजला आणि पाणी आलेच नाही, असे झाले होते का? कारण तसे झाले असेल, तर आबांचा अविश्वास काही अंशी सांगणाऱ्यांनीच कमावलेला होता, आणि सगळा दोष ऐकणाऱ्यावर टाकता येणार नाही.

वाडीचा भक्त :

मी नृसिंहवाडीचा. येथे कोणी श्रद्धेचा उल्लेख केला नाही, पण जहाजमालकाने देवावर भार टाकला होता आणि आमच्याकडेही पुराच्या वेळी पुष्कळ माणसे तेच करतात, म्हणून लिहितो.

आमच्याकडे पूर ही केवळ आपत्ती नसते. कृष्णा-पंचगंगेचे पाणी दत्त मंदिरात शिरते, पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते, आणि त्या दक्षिणद्वार सोहळ्याच्या वेळी स्नान करायला लांबून लोक येतात. मी स्वतः लहानपणापासून त्या पाण्यात उभा राहिलो आहे. गुडघ्यापर्यंत गढूळ गार पाणी, पायाखाली दगड लागत नाही, दोरीला धरून माणसे एकेक पुढे सरकतात आणि तोंडाने नाव चालू असते. ज्याला हे अंधश्रद्धा वाटते त्याच्याशी मी वाद घालत नाही.

परंतु पाणी मंदिरात येण्याआधीच उत्सवमूर्ती उंचावरच्या जागी हललेली असते. पुजारी घाटाची पायरी न्‌ पायरी मोजत असतात. देवावर त्यांच्याइतका विश्वास कोणाचा? तरीही ते पाण्यावर डोळा ठेवतात, आणि त्याने त्यांची श्रद्धा उणी होत नाही.

डॅनिश विचारवंत किर्केगार्डने १८४३ मध्ये, देवाच्या आज्ञेवरून आपल्या मुलाचा, इसहाकाचा, बळी द्यायला निघालेल्या बायबलमधल्या अब्राहामावर लिहिले आणि श्रद्धा ही तर्काच्या पलीकडची उडी आहे असे दाखवले. ते मी मराठीतून वाचले आहे आणि त्याने मी फार हललो. पण मला त्यात नेहमी एक गोष्ट सलते: उडी अब्राहामाची आणि मान मुलाची. मूळ प्रश्नातली सहा वर्षांची पुतणी वाचली तेव्हा मला तेच आठवले.

शंकेखोर :

विद्यार्थिनीताईंचा उपाधीचा मुद्दा मला मान्य आहे. कोंबडीचे उदाहरण मी मागे घेतो. एक आधार मात्र शिल्लक राहतो असे वाटते. अमेरिकन तत्त्वज्ञ विल्यम जेम्सने १८९६ मध्ये क्लिफर्डलाच उत्तर दिले आणि पुराव्याआधी विश्वास ठेवण्याचा हक्क मांडला. समोरचा आपला मित्र आहे याचा पुरावा मिळेपर्यंत थांबलो, तर मैत्री कधीच होणार नाही, असे तो म्हणतो. घराविषयी, जमिनीविषयी माणसाचा विश्वास असाच असू शकतो.

जुना अध्यापक :

जेम्सने तो हक्क अटींवर दिला आहे. निवड जिवंत हवी, टाळता न येणारी हवी, मोलाची हवी, आणि मुख्य म्हणजे बुद्धीने तिचा निकाल लावणे शक्य नसलेली हवी. पाणी चढते आहे की नाही, याचा निकाल बंधाऱ्यावरची पट्टी लावते. शिवाय माझ्या विश्वासाने मित्र मित्र होतो. आबांच्या विश्वासाने नदी उतरत नाही. जेम्स येथे उपयोगी पडणार नाही.

प्रश्नकर्त्यांसाठी आणखी एक गोष्ट, जी माझ्या पहिल्या उत्तरात यायला हवी होती. कान्टने ‘शुद्ध बुद्धीच्या चिकित्से’त, म्हणजे १७८१ च्या ग्रंथात, खऱ्या खात्रीची एक साधी परीक्षा दिली आहे, ती पैजेची. माणूस इतक्या ठामपणे बोलतो की त्याला शंकेचा स्पर्शही नाही असे वाटते, पण पैज लावायला सांगितली की थबकतो. कधी असे दिसते की त्याची खात्री एका सोन्याच्या नाण्याइतकी आहे, दहा नाण्यांइतकी नाही. आबांना ‘मनापासून’ तसे वाटत होते, याविषयी आपल्याला शंका नाही असे आपण लिहिले आहे. ते आपण कशावरून ठरवले? त्यांच्या बोलण्यावरून ठरवले असेल, तर त्या दिवशी त्यांनी हातांनी काय काय केले, तेही पाहावे.

नदीकाठचा :

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला आठवडा लागला, कारण मध्ये गावी जाऊन आलो.

विद्यार्थिनीताईंच्या प्रश्नाचे उत्तर: भोंग्यावर आकडा नव्हता. आणि २०१९ च्या आधी किमान दोनदा तो वाजला होता, लोकांनी ट्रॉलीतून संसार हलवला होता आणि पाणी शेतातच थांबले होते. त्यांपैकी एकदा गडबडीत हलवताना आमचा एक रेडा पाय मोडून पडला. ही गोष्ट मी विसरलो होतो. आबा विसरले नव्हते. सांगणाऱ्यांचाही त्यात वाटा आहे, हे मी मान्य करतो, आणि माझ्या रागातला तेवढा भाग मी आबांवरून उतरवला आहे.

कान्टच्या पैजेविषयी वाचल्यावर मी आबांना काही विचारले नाही, आईला विचारले. त्या दिवशी दुपारपासून आबांनी काय काय केले, एवढेच. ती भाकरी थापत होती, तिने हात थांबवला. मग म्हणाली की दिवस मावळायच्या आत त्यांनी सात-बारा आणि सोसायटीची कागदपत्रे असलेली पत्र्याची पेटी माळ्यावर चढवली होती, आणि बियाण्याचे पोतेही. पोरांना सांगू नको म्हणाले होते.

त्यामुळे माझा मूळ प्रश्नच बदलला आहे. आबांनी चुकीचे मानले का, असे मी विचारत होतो. आता वाटते की पाणी वर येऊ शकते हे त्यांच्या मनाच्या एका कोपऱ्याला कळले होते, आणि ते घरातल्या माणसांसमोर बोलून दाखवणे त्यांना जमले नाही. क्लिफर्डच्या मालकाने शंका दाबली ती पैशासाठी. आबांनी कशासाठी दाबली, हे मला अजून नीट सांगता येत नाही. ज्या माणसाच्या शब्दावर सारे घर बसते-उठते, त्याला ‘मला भीती वाटते’ हे कोणापाशी म्हणता येते, असा विचार मी परत येताना एसटीत करत होतो.

येत्या शनिवारी पुन्हा जाणार आहे. २०१९ ची खूण आमच्या जोत्यावर अजून कोणी मारलेली नाही, कारण ती जोत्यावर मावत नाही, सोप्याच्या भिंतीवर घ्यावी लागेल. छिन्नी आबांकडेच आहे. ती मागायची की खूण त्यांनाच मारायला सांगायची, हे अजून ठरवलेले नाही.